नोकरी की उद्योग? : विद्यार्थ्यांच्या वृत्तीची घडण

पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना ‘पुढे काय?’ असे विचारले असता मिळणारी उत्तरे आपल्या राज्यात सर्वत्र सारखी नसतात. परभणी किंवा धुळे येथील विज्ञान शाखेचा विद्यार्थी बहुधा एखाद्या स्पर्धा परीक्षेचे नाव घेतो. इचलकरंजीतला त्याच शाखेचा विद्यार्थी घरच्या मागांविषयी बोलू लागतो. मुंबईच्या काळबादेवी भागातील व्यापारी कुटुंबातल्या मुलाला तर हा प्रश्न आपल्याला का विचारला जात आहे, हेच कळत नाही. कारण सुट्टीच्या दिवशी पेढीवर जाऊन बसणे त्याने शाळेत असतानाच सुरू केलेले असते. तिघांचे वय एक, अभ्यासक्रम एक, गुणही थोड्याफार फरकाने सारखेच. तरीही स्वतःचा उद्योग काढणे ही गोष्ट एकाला नित्याची वाटते, दुसऱ्याला साहसाची वाटते आणि तिसऱ्याच्या मनात तो विचार येतच नाही.

या भेदाचे स्पष्टीकरण आपल्याकडे फार स्वस्तात दिले जाते. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’, ‘व्यापार हा रक्तातच असावा लागतो’ ही वाक्ये इतक्या वेळा उच्चारली जातात की, ती खरी आहेत किंवा नाहीत हे तपासून पाहण्याची कोणाला आवश्यकताच वाटत नाही. ती तपासून पाहणे मात्र अगत्याचे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि अखेरीस शिफारस झाली ती १,०१६ उमेदवारांची. उरलेल्यांत आपल्या खेड्यापाड्यांतून पुण्यास येऊन, खोली भाड्याने घेऊन आणि खानावळीचा डबा खाऊन वर्षानुवर्षे अभ्यास करणारे अनेक तरुण आहेत. त्यांच्यात बुद्धीची किंवा चिकाटीची वाण आहे, असे कोणीही म्हणणार नाही. या चिकाटीला दुसरी वाट का दिसत नाही, हा खरा प्रश्न आहे.

शब्दांमधून दिसणारा समाज

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे जुन्या काळापासून चालत आली आहे. आज घरोघर प्रत्यक्षात पाळला जाणारा क्रम याच्या नेमका उलट आहे, हे लग्नाच्या बोलण्यांत बसलेल्या कोणाच्याही ध्यानी येईल. मुलगा ‘नोकरीला’ आहे म्हटले की, पुढची विचारपूस सौम्य होते. ‘स्वतःचे काहीतरी आहे’ म्हटले की, ती अधिक बारकाईने होऊ लागते.

भाषेचीही साक्ष काढता येईल. ‘उद्योग’ हा शब्द वास्तविक किती गौरवाचा! परंतु आई मुलावर रागावते ती ‘नसते उद्योग करू नकोस’ अशा शब्दांत. ‘धंदा’ या शब्दाची गत तर याहूनही वाईट आहे. ‘काय धंदे चालले आहेत?’ या प्रश्नात विचारपुसीपेक्षा संशयच अधिक असतो. ‘दिवाळे’ या शब्दाविषयी असे सांगितले जाते की, देणी भागविता न येणारा व्यापारी पूर्वी आपल्या दुकानात भरदिवसा दिवा लावून ठेवीत असे आणि त्यावरून हा शब्द रूढ झाला. म्हणजे व्यापारातील अपयश हे चारचौघांत जाहीर करावयाचे अपयश होते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला पुन्हा बसण्याची मुभा असते. दुकान बुडालेल्या मुलाचे नाव मात्र गावात कायमचे राहते. असा अनुभव असलेल्या घरातील विद्यार्थ्याने धोका पत्करण्याआधी दहा वेळा विचार केला, तर त्यास भित्रेपणा म्हणता येणार नाही.

नोकरीविषयीच्या ओढीलाही ठोस ऐतिहासिक कारणे आहेत. महाराष्ट्रातील शेतीचा फार मोठा भाग पावसावर अवलंबून आहे आणि १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना ठराविक तारखेला येणाऱ्या पगाराचे मोल समजावून सांगावे लागत नाही. कोकणातील कित्येक गावे मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगली. शिक्षक, तलाठी, पोलीस किंवा एस.टी.चा वाहक झालेल्या एका मुलामुळे भावंडांची शिक्षणे झाली, बहिणींची लग्ने झाली आणि विहिरीचे कर्ज फिटले. अशा कुटुंबात पगार हा केवळ उत्पन्नाचा मार्ग नसतो, तर साऱ्या घराचा विमा असतो. (प्रस्तुत लेखक स्वतः शासकीय सेवेत असल्याने या विम्याचे महत्त्व नाकारण्याचा त्याला अधिकारही नाही.)

पेढीवरचे शिक्षण

आता दुसरी बाजू पाहू. व्यापारी समाजांतील मुले धोका पत्करण्यास अधिक सहज तयार होतात, याचे कारण त्यांना धोका आवडतो हे नव्हे. त्यांच्या वाट्यास येणारा धोका मुळातच लहान करून ठेवलेला असतो, हे त्याचे कारण होय.

राजस्थानातून कोलकाता, मुंबई आणि विदर्भ-खानदेशातील बाजारपेठांत गेलेल्या मारवाडी व्यापाऱ्यांची पद्धत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. परक्या शहरी उतरलेल्या तरुणाला आपल्या समाजाच्या ‘बाशा’त, म्हणजे सामुदायिक भोजन-निवासाच्या ठिकाणी, आसरा मिळे. एखाद्या पेढीवर तो गुमास्ता म्हणून राही. माल ओळखणे, भाव काढणे, उधारी वसूल करणे आणि वही लिहिणे या गोष्टी पगार घेत घेत शिके. आणि विश्वास बसला की, त्याच पेढीकडून थोडा माल उधारीवर घेऊन स्वतःचे दुकान मांडी. पहिल्या प्रयत्नात तो बुडाला, तर पुन्हा गुमास्तेगिरी करण्याची वाट मोकळी असे. घरच्या हिशेबाची शिस्तही कडक होती. बिर्ला उद्योगसमूहात रोजच्या रोज नफा-तोटा काढण्याची ‘पडता’ नावाची पद्धत प्रसिद्ध आहे. वर्षअखेरीची वाट न पाहता आज आपण कोठे उभे आहोत, हे ज्याला आजच कळते, त्याचे नुकसान हाताबाहेर जाण्याचा संभव कमी असतो.

राहण्याची सोय, शिकण्याची जागा, पहिली उधारी आणि पडल्यास परतण्याचा रस्ता या चार गोष्टी ज्या मुलाला जन्मतःच उपलब्ध आहेत, त्याच्या वृत्तीला आपण ‘उपजत’ म्हणतो. त्यातील एकही गोष्ट ज्याच्यापाशी नाही, त्याला आपण निरुत्साही ठरवितो. हा न्याय नव्हे.

या दोन परंपरा एकत्र आल्या म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण सोलापूरकडचे आहे. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून बांधकामाच्या कंत्राटात उतरलेले गृहस्थ. काम त्यांना ठाऊक होते, भांडवल नव्हते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातील गुजराती जैन व्यापारी घराण्यात झालेला. घरी पैसा व पत होती. परंतु सूतकापसाच्या आणि सावकारीच्या वडिलोपार्जित व्यवहारात त्यांचे मन रमत नव्हते. १९०३ च्या सुमारास दोघांची भागीदारी झाली आणि ‘फाटक-वालचंद’ या नावाने रेल्वेची कामे सुरू झाली. पुढे वालचंद हिराचंद जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत अग्रेसर ठरले, हे सर्वश्रुत आहे. या प्रवासाच्या आरंभी एका माजी कारकुनाचे कौशल्य होते, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

कड्या फेकण्याचा खेळ

समाजाची मूल्ये आणि आर्थिक उद्यम यांचा संबंध शास्त्रीय दृष्टीने मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये केला. प्रॉटेस्टंट पंथाच्या काटकसरी व कष्टाळू जीवनदृष्टीतून आधुनिक भांडवलशाहीला बळ मिळाले, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्याचाच दुसरा भाग असा की, भारतातील धर्मकल्पना व जातिव्यवस्था अशा विकासास अनुकूल नाहीत. हे मत नंतर पुष्कळ काळ प्रमाण मानले गेले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. माणसाच्या ठायी काहीतरी उत्तम करून दाखविण्याची जी आंतरिक ओढ असते, तिला त्यांनी ‘सिद्धिप्रेरणा’ या अर्थाचे नाव दिले आणि ती मोजण्याच्या पद्धती तयार केल्या. त्यांपैकी एक अगदी साधी आहे. जमिनीत खुंटी रोवून मुलांच्या हाती कड्या द्यावयाच्या आणि कोठून फेकावयाच्या हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावयाचे. काही मुले खुंटीच्या इतकी जवळ उभी राहतात की, कडी चुकूच नये. काही इतकी दूर जातात की, लागली तर नशीब. ज्यांची सिद्धिप्रेरणा प्रबळ असते, ती मधले अंतर निवडतात. जेथून फेकणे कठीण आहे पण सरावाने साधण्यासारखे आहे, असे. उद्योजक म्हणजे जुगारी, ही लोकांची समजूत किती चुकीची आहे, हे या खेळावरून कळते. जुगारी माणूस फार दूर उभा असतो.

ही प्रेरणा शिकविता येते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी मॅक्लेलँड आणि त्यांचे सहकारी भारतात आले. १९६४-६५ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा शहरातील सुमारे पन्नास छोटे व्यावसायिक हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत बोलाविण्यात आले. साधारण दहा दिवसांचे प्रशिक्षण होते. त्यात चित्रे पाहून गोष्टी लिहिणे, कड्यांसारखे खेळ खेळणे, स्वतःची उद्दिष्टे कागदावर मांडणे आणि त्यांवर एकमेकांशी चर्चा करणे असा कार्यक्रम होता. पुढील काळात या मंडळींनी नवे व्यवसाय काढणे, जुने वाढविणे, अधिक माणसे कामास लावणे या बाबतींत आपल्यासारख्याच इतर व्यावसायिकांपेक्षा स्पष्टपणे अधिक हालचाल केली, असे आढळून आले. हे निष्कर्ष १९६९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

त्यातील एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. प्रशिक्षणाचा लाभ कोणाला झाला आणि कोणाला झाला नाही, हे त्या माणसाच्या जातीवरून किंवा त्याच्या पारंपरिक श्रद्धांवरून ठरत नव्हते. कपाळी गंध लावणारा आणि पंचांग पाहून माल उचलणारा व्यापारीही तितकाच पुढे जाऊ शकत होता. वेबर यांच्या सिद्धान्तातील भारतविषयक भागाला काकीनाड्यातील छोट्या दुकानदारांनी दिलेले हे उत्तर होते. एवढे मात्र ध्यानात ठेवावयास हवे की, प्रशिक्षणास आलेले लोक आधीपासून व्यवसायात होते. ज्याने कधी दुकानाचा उंबरठाही ओलांडला नाही, अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत केवळ प्रेरणेने काम भागेल काय, हा प्रश्न त्या प्रयोगाने सोडविला नाही.

देशोदेशींचे विद्यार्थी

विद्यार्थ्यांच्या वृत्तीची देशोदेशी तुलना करणारी एक मोठी पाहणी स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन विद्यापीठाच्या पुढाकाराने २००३ पासून ठराविक काळाने होत आली आहे. तिच्या २०१८ च्या फेरीत ५४ देशांतील दोन लाखांवर विद्यार्थ्यांनी भाग घेतला. शिक्षण संपताच स्वतःचा उद्योग काढू इच्छिणारे त्यांत सुमारे ९ टक्के होते. पाच वर्षांनंतर काढू, असे म्हणणारे मात्र सुमारे ३५ टक्के. याचा अर्थ असा की, ‘आधी नोकरी, मग उद्योग’ हा विचार केवळ मराठी तरुणाचा नाही. तो जगभरचा आहे. अनुभव, ओळखी आणि थोडीफार शिल्लक गाठीशी बांधून मग बाहेर पडावे, हा विचार मुळीच चुकीचा नाही. अडचण एवढीच की, पाच वर्षांनी घरभाडे, मुलांची शाळा आणि कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

या पाहणीत वारंवार दिसून आलेली दुसरी गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. उद्योग काढण्याची इच्छा श्रीमंत देशांतील विद्यार्थ्यांपेक्षा विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांत अधिक असते. जर्मनी किंवा जपानमधील पदवीधराला चांगल्या पगाराची नोकरी मिळण्याची शाश्वती असल्यामुळे त्याला ती सोडून भलत्या वाटेला जाण्याचे प्रयोजन वाटत नाही. जपानमधील फार थोडे प्रौढ नागरिक आपल्या अंगी उद्योग चालविण्याचे ज्ञान असल्याचे सांगतात, असे अन्य एका आंतरराष्ट्रीय पाहणीतही सातत्याने दिसून आले आहे. आणि हा तर सोनी व होंडा यांचा देश! तेव्हा तोंडाने व्यक्त केलेली इच्छा आणि देशाची औद्योगिक ताकद यांचा थेट संबंध जोडणे धोक्याचे ठरते. जपानी माणूस स्वतःविषयी बोलताना हात राखून बोलतो, हाही त्या उत्तरांतील संस्कृतीचाच भाग असावा.

आणखी एका अभ्यासाचा उल्लेख येथे करणे उपयुक्त ठरेल. स्पेन आणि तैवान या दोन अगदी भिन्न समाजांतील विद्यार्थ्यांची तुलना दोन संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केली. उद्योग काढण्याचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो, असे त्यात गृहीत होते. उद्योगाविषयी स्वतःला वाटणारे आकर्षण ही पहिली, ‘हे मला जमेल’ हा विश्वास ही दुसरी आणि आपल्या माणसांचे मत ही तिसरी. अभ्यासाअंती असे दिसले की, आपल्या माणसांचे मत इरादा थेट बदलीत नाही. ते आधी पहिल्या दोन गोष्टी बदलते. ‘तुला जमणार नाही’ असे वडील म्हणतात, तेव्हा मुलगा त्यांची आज्ञा म्हणून बेत सोडत नाही. आपल्याला खरोखरच जमणार नाही, असे त्यालाही वाटू लागते. आपल्या घरांतील संवाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे पटण्यास तैवानपर्यंत जाण्याची गरज नाही.

महाराष्ट्राची आपली वाट

वृत्ती घराण्यातून येते हे खरे मानले, तरी ती गावातूनही येऊ शकते. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. तेथील जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगाला उत्तेजन दिले. एकाचे पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने माग घातले आणि काही दशकांत ते गाव वस्त्रोद्योगाचे केंद्र बनले. तेथील मुलाला धंद्याची भीती वाटत नाही, कारण सूत कोठून आणावे, कांडीवाला कोण, कापड कोण उचलतो आणि पैसे किती दिवसांनी मिळतात, हे त्याला शेजारच्या ओट्यावर बसूनही कळते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि यंत्रांच्या सुट्या भागांची जी परंपरा उभी राहिली, तिचीही कथा अशीच आहे. येथे मराठी माणसाला धंदा जमत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली, बेळगावात सायकलीच्या दुकानात लक्ष घातले आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला. हा नांगर विकण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होईल, असे शेतकऱ्यांना वाटत होते. १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली ती बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयामुळे. या कथेतील स्वाभिमानाचा भाग आपण शालेय पुस्तकांत रंगवून सांगतो. पण विक्री न झालेल्या दोन वर्षांत घर कसे चालले आणि भाऊ रामूअण्णा यांची साथ नसती तर काय झाले असते, या गोष्टी विद्यार्थ्याला अधिक उपयोगाच्या आहेत.

महाराष्ट्राने धोका वाटून घेण्याचा आणखी एक मार्ग काढला, तो सहकाराचा. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यामागे एखादे धनाढ्य घराणे नव्हते; शेतकऱ्यांचे छोटे छोटे भाग होते. ज्यांना एकट्याने दुकान काढण्याचे धाडस झाले नसते, त्यांनी एकत्र येऊन कारखाना काढला. म्हणून व्यापारी घराण्यांतील तरुणाशी मराठी शेतकऱ्याच्या मुलाची तुलना करताना ‘वृत्ती कमी’ एवढे म्हणून भागणार नाही. तिची रीत निराळी आहे. सहकारी संस्थेच्या सभेत बापाबरोबर बसलेल्या मुलाने ताळेबंद वाचलेला असतो. त्या शिदोरीचा उपयोग करून घेण्याचा विचार आपल्या महाविद्यालयांनी अद्याप पुरेसा केलेला नाही, असे नमूद करावेसे वाटते.

दार आतून आणि बाहेरून

येथवर आपण विद्यार्थ्याच्या मनाचा विचार केला. पण काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत दार बाहेरून लावलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून परत आल्यावर, सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ साली प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी मुंबईत गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या माणसाचा हा अनुभव आहे. तेथे वृत्तीची, ज्ञानाची किंवा धैर्याची कोणती उणीव होती?

२००५ च्या आर्थिक गणनेच्या आधारे झालेल्या एका अभ्यासानुसार लोकसंख्येत सुमारे १६.४ टक्के असलेल्या अनुसूचित जातींच्या मालकीचे उद्योग-व्यवसाय ९.८ टक्के होते. अनुसूचित जमातींच्या बाबतीत हे प्रमाण ७.७ टक्क्यांस ३.७ टक्के असे होते. ज्या समाजाला शतकानुशतके बाजारात विक्रेता म्हणून बसू दिले गेले नाही, त्या समाजातील मुलाने राखीव जागेवरील नोकरीला प्राधान्य दिले, तर त्यात नवल नाही. तेथे निदान नियम लिहिलेले असतात. त्याच २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे स्वतंत्र वाणिज्य मंडळ स्थापन झाले आणि माल घेणारा व देणारा यांची गाठ घालून देण्याचे काम त्याने हाती घेतले, ही गोष्ट म्हणूनच विशेष महत्त्वाची आहे.

विद्यार्थिनींची अडचण आणखी वेगळी. बँकेकडे तारण म्हणून दाखविण्यास घर किंवा जमीन लागते आणि ती सहसा वडिलांच्या वा भावाच्या नावावर असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. परंतु सातबारावर नाव लागेपर्यंतचा प्रवास पुष्कळदा ‘हक्कसोड’पत्रापाशीच थांबतो.

प्रशिक्षण आणि त्यापुढे

ज्या प्रांताला आपण उपजत व्यापाऱ्यांचा प्रांत म्हणतो, त्या गुजरातेतच १९७० च्या सुमारास नवउद्योजकांसाठी प्रशिक्षण सुरू करण्याची गरज शासकीय महामंडळांना भासली, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. व्यापारी घराण्यांबाहेरचा तांत्रिक शिक्षण घेतलेला तरुण तेथेही दारातच उभा होता. त्या अनुभवातून १९८३ साली अहमदाबादेस भारतीय उद्योजकता विकास संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ च्या केंद्रीय योजनेनुसार सुरू झाली आणि १९८८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना करण्यात आली. २०१९ साली मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम हाती घेण्यात आला. या सर्वांचा हेतू काळबादेवीच्या मुलाला घरबसल्या जे मिळते, त्यातील काही भाग परभणीच्या मुलापर्यंत पोहोचविणे हा होय.

त्यातील प्रशिक्षणाचा भाग तुलनेने सोपा आहे. भांडवलाचीही काही अंशी सोय झाली आहे. न मिळणाऱ्या गोष्टी दोन. पहिले गिऱ्हाईक कोणत्याही वर्गात शिकविता येत नाही. त्यासाठी सहा महिने कोणाच्या तरी दुकानात वा कारखान्यात काम करावे लागते आणि तेथे यंत्रापाशी उभे राहण्यापेक्षा उधारीची वही पाहावी लागते. दुसरी गोष्ट घरची संमती. आपले मेळावे विद्यार्थ्यांसाठी भरतात. ज्यांच्या मतावर विद्यार्थ्याचा आत्मविश्वास ठरतो, त्या आईवडिलांना तेथे क्वचितच बोलाविले जाते. त्यांचा प्रश्न एकच असतो : बुडाले तर?

या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. आकड्यांनी द्यावे लागते. उदाहरणार्थ, लघुउद्योगांच्या कर्जासाठी २००० साली निर्माण झालेल्या पतहमी निधीमुळे तारणाशिवाय कर्ज मिळू शकते, हे खरे. पण ही हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नव्हे. हप्ते थकले तर बँकेच्या नुकसानीचा काही भाग निधी भरून देतो. मुलाच्या डोक्यावरचे देणे तसेच राहते. अनुदानाची रक्कमही प्रारंभीच हाती पडते, असे समजू नये; पुष्कळ योजनांत ती काही काळ बँकेतच ठेवलेली असते. या गोष्टी आधी सांगितल्या गेल्या नाहीत, म्हणजे एका घराचा अनुभव साऱ्या गावाचे मत बनतो आणि पुढची दहा मुले परत परीक्षेच्या अर्जाकडे वळतात. म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात जाताना विद्यार्थ्याने प्रकल्प अहवालाबरोबर एक साधा कागद घरी बसून तयार करावा : उद्योगात घरचे किती पैसे जातील, किती महिने पगाराविना चालवावे लागेल, कोणत्या आकड्याला तोटा पोहोचला म्हणजे थांबावयाचे आणि थांबल्यावर काय करावयाचे. त्या कागदावर वडिलांबरोबर आईचीही सही असावी. पगाराविना घर चालवावयाचे ते तिलाच.